वाकडबोटीचं अंगण

माझ्या नणंदेला मेळघाटात न्यायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. शिबिराची नोंदणी मी केली होती ती माझ्यासाठी आणि नवऱ्यासाठी, म्हणजे आमच्या धर्मेंद्रसाहेबांसाठी. बँकेतून निवृत्त झाल्यावर अकोल्याच्या उन्हात घरी बसून दुसऱ्यांच्या नातवंडांचे फोटो बघत राहिले तर मी वेडी होईन, असं मी त्यांना बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली. आणि निघायच्या तोंडावर त्यांच्या कुठल्याशा मित्राच्या मुलीचं लग्न उपटलं. हे शिबिर म्हणजे जीपमधून फिरणं नाही, जंगलात पायी हिंडायचं आहे, हे त्यांनी तोवर वाचलंच नव्हतं. मी ओळखून आहे त्यांना.

"अक्काले ने ना," ते म्हणाले. "तिचंही फिरनं होईन."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, पंचफुला. मूर्तिजापूरच्या पुढे शेताला लागून घर. त्यांचे यजमान वारले, मुलगा सुगत पुण्यात नोकरीला, नात पिंकी तिथल्याच शाळेत. अक्का एकट्याच राहतात आणि पहाटे उठून अंगण झाडतात. झाडतात म्हणजे काय, अंगणाशी त्यांचं वैर असल्यासारखं खराट्यानं ओढून काढतात. मग सडा, मग रांगोळी. रात्री पडलेलं पान उजाडेपर्यंत टिकत नाही. मी त्यांना अंगणाच्या फौजदारीण म्हणते. त्या मला मॅनेजरीणबाई म्हणतात, आणि मॅनेजरीणबाईला झाडू कोणत्या टोकानं धरतात हे माहीत नाही, असं पाहुण्यांना सांगतात. लग्न झाल्यापासून आमचं हे असंच चाललंय आणि दोघींनाही त्यात बरं वाटतं.

मूर्तिजापुरात त्यांना खराटा आणि रांगोळीच्या डबीसकट गाडीत घेतलं. दर्यापूर गेलं, अंजनगाव गेलं, परतवाड्यानंतर घाट सुरू झाला तसं अक्कांचं तोंडही सुरू झालं. "पैसे देऊन जंगलात पायीच चालाचं? मंग आमी जनमभर वावरात चाललो त्याचे पैसे कोन देईन?"

खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता. गवताच्या काड्या बाजूला करून ठसे बघायचे, कोणत्या झाडाला कोणी अंग घासलं ते हुंगायचं, वाळलेली विष्ठा काडीनं फोडून आत कोणाचे केस आहेत ते ओळखायचं, आणि या सगळ्याला सुट्टी म्हणायचं. पण मला तेच हवं होतं. साठ वर्षं या डोंगरांच्या पायथ्याशी काढली आणि चिखलदऱ्याला जाऊन मक्याचं कणीस खाण्यापलीकडे मी डोंगर पाहिला नव्हता.

शिबिर बेलढाणा नावाच्या लहानशा कोरकू वस्तीच्या कडेला होतं. मातीच्या चार खोल्या, एक स्वयंपाकाची पडवी, आणि खोल्यांच्या दारासमोरून खाली ओढ्याकडे उतरणारी बैलगाडीची वाट. शिबिर चालवणारी मुलगी प्रियदर्शनी आमच्याच मूर्तिजापूरची. प्राणिशास्त्र शिकून गेली पाच-सहा वर्षं याच डोंगरात बिबट्यांचा माग काढते. बारीक, काळीसावळी, आणि बोलता बोलता मध्येच थांबून कान देणारी. आमच्यासोबत नागपूरचं एक जोडपं होतं आणि अमरावतीचे बंडू वकील होते. बंडूभाऊ टोपी, दुर्बीण आणि शिटी असा सरंजाम घेऊन आले होते. शिटी वाजवायची नाही, हे प्रियदर्शनीनं त्यांना पहिल्याच तासात सांगितलं.

पहिल्या दिवशी तिनं आम्हाला एका मोहाच्या बुंध्याशी नेलं आणि हुंगायला लावलं. मी हुंगलं. भात शिजल्यासारखा वास. "बिबट्याची खूण," ती म्हणाली. मी पुन्हा हुंगलं. नागपूरवाले नाक दाबून उभे होते, मी मात्र तीनदा वाकले. ताज्या शिजलेल्या भातासारखा वास येणारा बिबट्या! हे कोणी मला चाळीस वर्षांपूर्वी का सांगितलं नाही? अक्कांनीही हुंगलं आणि म्हणाल्या, "लागलेला भात हाय. खालून करपला."

संध्याकाळी चहाच्या वेळी प्रियदर्शनीनं खरी गोष्ट सांगितली. अक्का तेव्हा नव्हत्या. दिवसभराच्या चालण्यानं त्यांचे गुडघे धरले होते, त्या तेल चोळून खोलीत आडव्या झाल्या होत्या.

या ओढ्यावर एक बिबटीण राहायची. तिच्या पुढच्या डाव्या पायाचं बाहेरचं बोट वाकडं, म्हणून तिचं नाव वाकडबोटी. मागच्या उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. त्यात लावलेले कॅमेरे जळाले आणि वाकडबोटीही दिसेनाशी झाली. वणव्यानंतर ओढ्याची ही वाट गाड्यांना बंद ठेवली होती, आता ती पर्यटकांसाठी पुन्हा खुली करावी अशी मागणी होती. "ती जिवंत आहे आणि इथंच पिल्लं घालते, असं मी सांगून राहिली," प्रियदर्शनी म्हणाली. "पण वर्षभरात तिचा एक ठसा मला दाखवता आला नाही. तुमच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी वनखात्याचे साहेब येणार आहेत. ठसा दाखवला तर वाट बंद राहील. नाही तर गाड्या सुरू. गाड्या आल्या की ती पिल्लं घेऊन वर गावाकडे सरकणार, अन गावात शिरलेली बिबटीण फार दिवस जगत नाही."

सकाळी मी तीनदा वाकून हुंगलेला वास कदाचित तिचाच असेल.

मग आम्ही ठशांची पट्टी केली. वाटेवर, आमच्या खोल्यांच्या अगदी समोर, खडे वेचून काढायचे आणि चाळणीनं चाळलेली बारीक धूळ पसरायची. रात्री जो कोणी पाणी प्यायला खाली जाईल त्याचे पाय त्यात उमटतात. मी पीठ चाळावं तशी धूळ चाळली. बंडूभाऊ दुर्बिणीतून बघत राहिले, दोन हातांवरच्या धुळीत काय बघत होते देव जाणे. काम झालं, हात धुतले, जेवलो, झोपलो. अक्का केव्हाच घोरत होत्या.

पट्टी तुडवली जाऊ नये म्हणून सकाळी सगळे मागच्या दारानं पडवीत चहाला जमले. प्रियदर्शनी वस्तीतून येत होती. अक्का माझ्याआधी उठून, तोंड धुऊन, पदर खोचून बसलेल्या. बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "लय घान होती व दारात. कोनं एवढी माती आनून टाकली होती काय मालूम. झाडून सडा टाकला."

मी कप खाली ठेवला.

"रातच्याले मांजर येऊन गेलं असन," अक्का पुढे म्हणाल्या. "लय मोठं मांजर बाप्पा. अन संगं लेकरू. लहान-मोठे पाय होते."

प्रियदर्शनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती धावत पट्टीकडे गेली, आम्ही मागे. वाट स्वच्छ होती. खराट्याच्या रेघा, त्यावर पाण्याचे थेंब, आणि मधोमध एक लहानशी नीटस रांगोळी. प्रियदर्शनी त्या रांगोळीसमोर खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त हाताचे तळवे डोळ्यांवर दाबले.

"काय झालं व?" अक्कांनी मला विचारलं. मी सांगितलं. वाकडबोटी, वणवा, गाड्या, साहेब, सगळं. अक्कांचा चेहरा उतरत गेला. पस्तीस वर्षांत मी त्यांना ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचा खराटा ओढ्यात भिरकावून द्यावा असंही वाटलं. दोन्ही अगदी खरं.

प्रियदर्शनीनं डोळ्यांवरचे हात काढले. "अक्का, तुमी पाय नीट पाहिले?"

"पाहूनच झाडते ना माय. डोये मिटून कोन झाडते?"

"काढून दाखवता?"

अक्का चुलीशी गेल्या, मूठभर राख आणली, आणि वाटेच्या कडेला बसून चिमटीनं काढू लागल्या. आधी मागची मोठी गादी, खालून तिला तीन फुगवटे. मग वर चार बोटं. रांगोळीचे ठिपके देणारा हात तो, कुठे अडखळला नाही. तीन बोटं जवळ जवळ काढली, आणि चौथं जरा दूर, बाहेरच्या अंगाला वळलेलं.

"हे असं काहून काढलं?" प्रियदर्शनीचा आवाज एकदम बारीक झाला.

"असंच होतं. लचकलं असन बिचारीचं."

"अन नखं?"

"नखं असते तं म्या कुत्रं म्हटलं असतं ना. मांजर काहून म्हटलं असतं?"

मोठ्या ठशाशेजारी त्यांनी तसाच एक लहानसा काढला, बटाट्याच्या कापाएवढा. प्रियदर्शनी हसली आणि तिला रडूही आलं. वाकडबोटी जिवंत होती. तिला पिल्लू होतं. ती काल रात्री माझ्या उशापासून दहा पावलांवरून चालत गेली होती आणि मी झोपले होते! मला माझाच राग आला.

"हे साहेबांना दाखवू या," मी म्हणाले.

"काय दाखवता, राखेतलं चित्र?" बंडू वकील म्हणाले. "वयनी, ज्यानं पुरावा मिटवला त्याचीच साक्ष, अन तीबी हातानं काढलेली. मी समोरच्या पार्टीचा वकील असतो तं पाच मिनटात उडवलं असतं."

मला त्यांची शिटी त्यांच्याच तोंडात कोंबावीशी वाटली. पण ते बरोबर बोलत होते.

त्या दिवशी आम्ही फिरलो, साळिंदराचे काटे वेचले, अस्वलानं फोडलेलं वारूळ पाहिलं. अक्का आल्या नाहीत. परतलो तेव्हा त्यांनी पडवी सारवायला घेतली होती. काही चुकलं की हातानं काम करत राहायचं, ही त्यांची जुनी रीत. जेवण मात्र झाकून ठेवलेलं तसंच होतं. मी घाईत पाणी प्यायला आत शिरले.

"वलं हाय, पाय नोको ठेवू!" अक्का ओरडल्या. तोवर ठेवला होता. "आंधळी हायेस काय व?" त्यांनी माझा ठसा पुन्हा सारवायला हात उचलला आणि मग तसाच खाली सोडला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आज माह्या हाताले कायी मिटवाचं नाई." मी त्यांच्याजवळ बसले आणि भाकरी पुढे केली. त्यांनी अर्धी खाल्ली.

संध्याकाळी पुन्हा धुळीची पट्टी केली. अक्कांनी स्वतः चाळली आणि मग खोलीत जाऊन खराटा पलंगाखाली ढकलून दिला. पण फाल्गुनातला वारा. रात्रभर दरीतून वर येत होता. सकाळी पाहतो तर धूळ सगळी उडालेली, पट्टीवर सागाची मोठाली पानं येऊन पडलेली. तिथून कोणी गेलं असेल नसेल, सांगता येत नव्हतं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

मी चहा घ्यायला पडवीत गेले आणि पायरीशीच थबकले. सारवणात माझी चप्पल उमटलेली होती, वाळून खडखडीत झालेली. टाच, तळाची नक्षी, इतकंच काय, चपलेचा सातचा आकडासुद्धा वाचता येत होता. रात्रभर वारा इथूनही वाहिला होता. मी बोट फिरवून पाहिलं. कणही हलला नाही.

मी प्रियदर्शनीला हाक मारली. ती आली, खाली बसली, तो आकडा निरखत राहिली. मग वर माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी एकदमच उठलो.

"अक्का!"

मग जे काही झालं त्याची मजा मला अजून येते. प्रियदर्शनीचं म्हणणं, ओढ्यातला नुसता गाळ घ्यायचा, शेण नको, वासानं ती बिचकेल. अक्कांचं म्हणणं, शेणाबिगर सारवण म्हणजे काय, भेगा पडतील. "अन वासाचं काय सांगतं? वस्तीचे ढोरं याच वाटीनं जातेत का नाई पान्यावर? मंग रोज शेनच हुंगते ते." प्रियदर्शनीनं विचार केला आणि थोडं शेण मान्य केलं. नागपूरच्या जोडप्यानं बादल्या वाहिल्या. बंडूभाऊंनी दुर्बीण काढून ठेवली आणि गाळ तुडवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. अक्का वाटेवर उकिडव्या बसल्या आणि हाताच्या अर्धगोल फटकाऱ्यांनी सारवत मागे मागे सरकत गेल्या. वाळू नये म्हणून दिवसभर ओली पोती टाकून ते झाकलं. अंधार पडायच्या बेतात पोती काढली आणि दारं लावून घेतली.

पहाटे मला खराट्याचा आवाज आला नाही, म्हणून जाग आली. अक्का उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, हात मांडीत घेऊन. दार बंदच होतं.

"तू पाय," त्या म्हणाल्या. "माह्यानं नाई पाहावत."

मी कडी काढली. बाहेर उजाडत होतं. खाली ओढ्याकडे एक वानर खोकल्यासारखं ओरडलं आणि थांबलं. मी चार पावलं टाकली आणि तिथंच उभी राहिले.

वाटेच्या मधून, अक्कांच्या हाताच्या अर्धगोल रेघांवरून, ती गेली होती. एकेक पाऊल साच्यातून काढावं तसं. चार बोटं, नखं नाहीत, आणि डाव्या पावलाचं बाहेरचं बोट वळलेलं, अक्कांनी राखेत काढलं होतं अगदी तसं. तिच्या बाजूनं लहान पावलं, इकडे तिकडे, आईच्या पुढे, आईच्या मागे. एका जागी पिल्लू सपशेल घसरलं होतं. पुढच्या दोन पायांच्या लांब रेघा आणि हनुवटी टेकल्याची खूण.

"अक्का," मी हाक मारली.

त्या आल्या. पदरानं तोंड झाकून बघत राहिल्या. त्या घसरल्याच्या जागेशी वाकल्या आणि एकदम हसल्या. "पडलं व माय! कसं पडलं पाय!"

साहेब आले. बोलायला मोजके होते. फूटपट्टीनं ठसे मोजले, फोटो काढले, प्रियदर्शनीनं ओतलेला प्लॅस्टरचा साचा उलटा करून वाकडं बोट दोनदा तपासलं. मग म्हणाले, "वाट बंदच राहील. पिल्लू मोठं होईस्तोवर तरी." बंडू वकील माझ्या कानाशी आले. "आता यावर उलटतपासणी नाई, वयनी."

साहेब गेल्यावर प्रियदर्शनी अक्कांजवळ आली. "आता हे मिटवावं लागेल, अक्का. बिबटीण पिल्लू घेऊन इथून जाते हे बाहेर कळलं तर लोक बघायला येतील. शिकारीही येतात. तुमीच सारवून टाका."

अक्कांनी बादलीकडे पाहिलं. हात पुढे गेला नाही.

"माह्यानं नाई होत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. "मागच्या दिवाळीले पिंकी आली होती. म्या आंगन सारवलं, अन ते वल्यातच पयाली. अशीच पडली. म्या तिच्यावर ओरडली. रडत घरात गेली. मंग म्या तिचे पाय सारवून टाकले, तवाच्या तवा. पाह्याले बी नाई थांबली." त्यांनी नाक पुसलं. "तवापासून आंगनात लेकराचा पाय नाई. रोज झाडते आपली, कायी नसते झाडाले."

मी आयुष्यात कधी सारवलं नव्हतं. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि बादलीत हात घातला. गाळ गार होता. माझे फटकारे वेडेवाकडे पडत होते, कुठे ढीग, कुठे खड्डा. अक्का माझ्या डोक्याशी नुसत्या उभ्या होत्या. एरवी त्यांनी माझा हात धरून बाजूला केलं असतं. मोठे ठसे गेले. लहान गेले. पिल्लू घसरलं होतं त्या जागेशी मी आले आणि माझाही हात थांबला.

"कर, माधवी," अक्का म्हणाल्या. "तिले जगाचं हाय."

मी ते सारवलं.

दुपारी निघालो. घाट उतरून परतवाड्याला फोन लागायला लागला तशी अक्कांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि मला सुगतचा नंबर लावून द्यायला सांगितला. एरवी त्याचा फोन आला की त्या तब्येत ठीक म्हणून ठेवून देतात.

"सुगत, पिंकीले सुटी लागली का घेऊन ये," त्या मोठ्यानं म्हणाल्या, गाडीच्या काचा खाली होत्या. "हो, आंगन सारवून ठेवीन. नाई रे, रागवत नाई. वलं असतानाच येऊ दे तिले."